ग्रेड वन फॅटी लिव्हर आलंय, पुढे काय तपासायचं?

गणपतीत गावी आलेले चाकरमानी आरती झाली की हळूच मोबाइल पुढे करतात. स्क्रीनवर सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो असतो, तोही फक्त खालच्या दोन ओळींचा. "डॉक्टर, ऑफिसच्या चेकअपमध्ये ग्रेड वन फॅटी लिव्हर निघालंय. घाबरण्यासारखं आहे का?" शेजारी खुर्चीत त्याचे वडील बसलेले असतात. मधुमेह पंधरा वर्षांचा, पोट सुटलेलं, हातात मोदक. ते म्हणतात, "माका काय एक होणा नाय. माझी कित्याक तपासणी?" मी मुलाला दोन शब्द धीराचे सांगतो आणि नजर वडिलांवरच ठेवतो, कारण मला धास्ती त्यांच्या लिव्हरची असते.

सिंधुदुर्गात सोनोग्राफी करण्यात माझी वीसेक वर्षं गेली. या काळात 'फॅटी लिव्हर' हे शब्द मी इतक्या वेळा टाइप केलेत की बोटांना पाठ झालेत. लोक मात्र त्या शब्दांचे दोनच अर्थ लावतात: एक तर 'सगळ्यांनाच असतं, सोडून द्या', नाही तर 'लिव्हर गेलं'. दोन्ही चुकीचे. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी देशभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज २०२२ साली मांडली, तेव्हा प्रौढांमधलं प्रमाण साधारण ३८ टक्के निघालं. म्हणजे ते बऱ्याच जणांना असतं हे खरं. पण त्यातल्या थोड्या जणांच्या लिव्हरमध्ये चरबीबरोबर वण तयार होत जातात, लिव्हर ताठ होत जातं आणि पुढे सिऱ्हॉसिसपर्यंत, म्हणजे वणांनी लिव्हर निकामी होत जाण्यापर्यंत पोचतं. हे थोडे जण कोण, ते ओळखणं हेच तपासण्यांचं खरं काम. चरबी किती आहे हा प्रश्न दुसरा, लिव्हर ताठ झालंय का हा पहिला. गंमत अशी की आपल्याकडे सर्रास होणारी साधी सोनोग्राफी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते आणि पहिल्याबद्दल जवळजवळ गप्प बसते. म्हणून कुठलं यंत्र काय बघतं आणि त्यांचा क्रम कसा लावायचा, ते नीट सांगतो.

आधी टेप, मग मशीन

तपासणीची सुरुवात शिंप्याच्या टेपने करा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बायकांची ८० च्या वर असेल तर लिव्हरचा विचार करायला हवा. गावात आशाताई तिशीपुढच्या लोकांचा फॉर्म भरायला येतात, त्यात कंबरेचं माप असतं. ते लाजून टाळू नका. वजनाचा हिशोबही आपल्याकडे वेगळा आहे. बीएमआय २३ च्या पुढे गेला की आपण जास्त वजनाच्या गटात येतो. आणि अंगाने काटकुळ्या माणसाला फॅटी लिव्हर होत नाही या भ्रमात राहू नका. हातपाय बारीक आणि फक्त पोट पुढे, अशी माणसं माझ्या टेबलावर रोज असतात.

मधुमेह, ब्लडप्रेशर, वाढलेले ट्रायग्लिसराइड, थोडी-थोडी म्हणत रोज होणारी दारू, घरात कुणाला सिऱ्हॉसिस, यातलं काहीही असेल तर तपासणी करावी. स्टेरॉइड, टॅमॉक्सिफेन अशी काही औषधंही लिव्हरमध्ये चरबी साठवतात, म्हणून चालू गोळ्यांची चिठ्ठी खिशात असू द्या. तिच्यात काढेही लिहा. कुंपणावरची गुळवेल निरुपद्रवी मानून लोक सकाळ-संध्याकाळ पितात, पण ती घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. माझ्यासमोर दहापैकी आठ जण काढ्याचं नाव तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात.

दारूबद्दल खरं बोला. २०२३ मध्ये जगभरच्या लिव्हरतज्ज्ञांनी या आजाराची नावं बदलली. जुनं 'नॅफल्ड' जाऊन 'मासल्ड' आलं, आणि चयापचयाच्या बिघाडाबरोबर दारूही आहे अशांचा गट वेगळा काढला. स्क्रीनवर दोन्हींची चरबी सारखीच पांढरी दिसते. फरक फक्त तुमच्या तोंडून कळतो.

सोनोग्राफीच्या आदल्या रात्री

पोटाच्या सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशी यायचं असतं. हे सगळ्यांना सांगतो आणि तरी निम्मे लोक पेज घेऊन येतात. "जेवलंय खंय, नुसती पेज घेतली!" पेज हेही खाणंच आहे, आणि दुधाचा चहाही. खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आतले खडे दिसेनासे होतात. लिव्हर तशीही दिसेल, पण एकाच फेरीत पित्ताशय बघायचं राहून जातं.

दुसरा शत्रू गॅस. ध्वनिलहरी हवेतून पुढे सरकत नाहीत, आतड्यात हवा असली की तिथेच अडतात. म्हणून आदल्या रात्री वालाचं बिरडं, कुळथाची पिठी, फणसाची भाजी टाळा. भात आणि साधी आमटी खा, लवकर जेवा. सकाळी पाणी प्यायला हरकत नाही. चिठ्ठीवर 'अॅब्डोमेन अँड पेल्व्हिस' असेल तर लघवी धरून यावं लागतं, त्यामुळे उलट पाणी जास्त प्या. सकाळची बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्या. इन्सुलिन आणि साखरेच्या गोळ्यांचं मात्र आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी इन्सुलिन टोचून रांगेत बसलेले एक काका माझ्या बाकावरच घामाघूम होऊन कलंडले होते. मधुमेह असेल तर फोन करून सकाळचा पहिला नंबर मागून घ्या, देतात.

केंद्रात शिरताच 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी दिसेल. १९९४ च्या त्या कायद्यामुळे सोनोग्राफीचं मशीन नोंदणी झालेल्या जागीच वापरावं लागतं. ते गाडीत घालून वाडीवाडीवर नेता येत नाही, म्हणून "घरी येऊन करा" असा आग्रह धरू नका. डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्र आणि जुने रिपोर्ट एवढं बरोबर आणलंत की झालं. जुना रिपोर्ट आणायला लोक हटकून विसरतात, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा असतो.

टेबलावर उताणं झोपायचं, उजवा हात डोक्यामागे, गार जेल, मोठा श्वास घेऊन धरून ठेवायचा. श्वास घेतला की लिव्हर बरगड्यांखालून थोडी खाली सरकते आणि आम्हाला दिसते. दहा-पंधरा मिनिटांचं काम. दुखत नाही, एक्स-रेसारखे किरणही नसतात.

ग्रेड म्हणजे काय, आणि काय नव्हे

मालवण-देवगडच्या ट्रॉलरवर फिश फाइंडर बसवलेला असतो. तो पाण्यात आवाज सोडतो आणि माशांच्या थव्यावरून परतलेला प्रतिध्वनी पडद्यावर दाखवतो. सोनोग्राफी तीच विद्या. लिव्हरच्या पेशींत चरबीचे थेंब भरले की प्रतिध्वनी जास्त येतो आणि लिव्हर पांढरट दिसते. ती खरंच पांढरट आहे की मीच स्क्रीनचा उजेड वाढवलाय, हे ठरवायला शेजारच्या मूत्रपिंडाशी तुलना करतात. निरोगी लिव्हर आणि मूत्रपिंड साधारण एका छटेचे असतात. लिव्हर उजळ आणि मूत्रपिंड काळसर असा फरक पडला की फॅटी. मूत्रपिंड आजारी असेल तर तेही पांढरं होतं आणि ही तुलना फसते, म्हणून किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा.

ग्रेड समजून घ्यायचा तर मालवणच्या धक्क्यावर उभे राहा आणि पावसात समोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याकडे बघा. भुरभुर असेल तेव्हा तटबंदी, बुरूज सगळं स्पष्ट असतं, फक्त मध्ये एक पांढुरकी झाक येते. हा ग्रेड वन: लिव्हर उजळ, पण आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा आणि पलीकडचा श्वासपटल नीट दिसतो. सर वाढली की तट पुसट होतो. हा ग्रेड टू: वाहिन्या आणि श्वासपटल अंधुक. मुसळधार कोसळायला लागला की किल्ला आहे हे माहीत असतं म्हणून आहे म्हणायचं. ग्रेड थ्रीमध्ये ध्वनिलहर चरबीतच खर्ची पडते, लिव्हरचा मागचा भाग आणि श्वासपटल दिसतच नाही.

आता यातली मेख बघा. पाऊस किती आहे ते या पद्धतीने कळलं, किल्ल्याच्या भिंतीला तडे गेलेत का ते कळलं नाही. ग्रेड म्हणजे चरबीचा डोळ्याने केलेला अंदाज. वणांची पायरी त्यात नसते. 'ग्रेड थ्री म्हणजे शेवटची स्टेज' असं समजून रडत आलेल्या बाईंचं लिव्हर पुढे मऊ निघालेलं मी पाहिलंय. उलटही पाहिलंय. वेंगुर्ल्याकडचे एक गृहस्थ चार वर्षं 'ग्रेड वनच आहे' म्हणत निर्धास्त होते आणि ताठपणा मोजला तेव्हा आकडा १४ किलोपास्कल आला, म्हणजे बराच चढा. एक विचित्र गोष्ट अशी की वण खूप वाढले की चरबी कमी होत जाते, त्यामुळे ग्रेड उतरला म्हणजे लिव्हर सुधारलं असंही नेहमी नसतं.

आणखी दोन मर्यादा. साधारण २० ते ३० टक्क्यांपेक्षा कमी चरबी सोनोग्राफीत हुकू शकते, आणि पाच टक्के पेशींत चरबी असली तरी वैद्यकीय भाषेत ते फॅटी लिव्हरच. म्हणजे 'नॉर्मल' रिपोर्ट हे सर्टिफिकेट नव्हे. शिवाय ग्रेड बघणाऱ्यावर अवलंबून असतो. कुडाळात वन आणि कोल्हापुरात टू आला तर आजार घाट चढून वाढला असं नव्हे, बघणारे डोळे बदलले. हे मी स्वतःच्या व्यवसायाबद्दल बोलतोय.

रिपोर्टमधल्या ज्या ओळी कुणी वाचत नाही

शेवटच्या ओळीवर उडी मारण्याआधी वरचा मजकूर वाचा. लिव्हरची लांबी साधारण १५-१६ सेंटिमीटरपर्यंत चालते. त्यापुढे असेल तर 'हिपॅटोमेगाली' लिहिलेलं असतं, चरबीत ते नेहमीचंच. डोळे उघडे ठेवायचे ते पुढच्या शब्दांवर: 'कोर्स एकोटेक्श्चर' म्हणजे आतला पोत भरड झालाय, 'नोड्युलर सरफेस' म्हणजे पृष्ठभाग गुठळ्यागुठळ्यांचा, पोर्टल व्हेन, म्हणजे लिव्हरकडे रक्त आणणारी मोठी वाहिनी, १३ मिलिमीटरच्या वर, प्लीहा वाढलेली, 'असायटिस' म्हणजे पोटात पाणी. यातलं एकही असेल तर ग्रेड विसरा आणि लिव्हरच्या डॉक्टरांकडे जा. हे वण खोलवर गेल्याचे इशारे आहेत.

उलट 'फोकल फॅटी स्पेअरिंग' या शब्दांनी लोकांची झोप उडते. पित्ताशयाजवळचा एक तुकडा चरबीतून वाचलेला असतो, म्हणून आजूबाजूच्या पांढऱ्यात तो काळा डाग दिसतो. बहुतेक वेळा तो निरुपद्रवीच. पण चरबीच्या लिव्हरमध्ये खऱ्या गाठीही फसवं रूप घेतात. रक्तवाहिन्यांची साधी गाठ, हेमॅन्जिओमा, एरवी पांढरी चमकते, ती अशा लिव्हरमध्ये काळी दिसू शकते. रिपोर्ट लिहिणाऱ्याने पुढे सीटी किंवा एमआरआय सुचवलं असेल तर ते धंद्यासाठी लिहिलंय असं लगेच धरू नका.

दोन मिनिटं कॅल्क्युलेटर घ्या

प्रवासखर्च करण्याआधी घरबसल्या एक गणित होतं, त्याला फिब-४ म्हणतात. चार आकडे लागतात: वय, एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरची दोन एन्झाइम, आणि प्लेटलेट. साध्या रक्ततपासणीत हे मिळतात. वयाला एसजीओटीने गुणा. प्लेटलेट हजारांत लिहून, म्हणजे दोन लाख दहा हजार असतील तर २१०, त्यांना एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. पहिल्याला दुसऱ्याने भागा.

समजा वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २१०. वर ५२ गुणिले ४८, म्हणजे २४९६. खाली ६४ चं वर्गमूळ ८, ते गुणिले २१० म्हणजे १६८०. भागाकार १.४९. उत्तर १.३ च्या खाली असेल तर ताठपणाची शक्यता कमी. अशांनी वजनाकडे लक्ष द्यावं आणि मधुमेह असेल तर वर्ष-दोन वर्षांनी, नसेल तर दोन-तीन वर्षांनी हे गणित पुन्हा करावं. १.३ ते २.६७ च्या मध्ये असेल, जसं या उदाहरणात, तर ताठपणा मोजणारा फायब्रोस्कॅन करावा, त्याबद्दल पुढे सांगतो. २.६७ च्या वर असेल तर सरळ तज्ज्ञ. पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ धरतात, कारण वयच आकडा फुगवतं. पस्तिशीच्या आतल्यांना हे गणित फारसं लागू पडत नाही.

कोकणातल्यांसाठी एक खास सूचना. पावसाळ्यात डेंग्यू किंवा लेप्टो होऊन गेला असेल तर प्लेटलेट खाली आणि एन्झाइम वर असतात. त्या दिवसांचे आकडे या गणितात घातले तर कुणालाही सिऱ्हॉसिस निघेल. ताप उतरून महिना-दीड महिना जाऊ द्या, रक्त पुन्हा तपासा, मग गणित करा. आणि एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणून फाइल मिटवू नका. चरबी आणि वण दोन्ही असूनही ते नॉर्मल राहू शकतं. याच रक्तातून हिपॅटायटिस बी आणि सी एकदा तपासून घ्या, ते राहिलं तर बाकी सगळं अर्धवट.

फायब्रोस्कॅन: फणसावरची थाप

फणस पिकला की नाही हे सालीवरून कळत नाही, म्हणून आपण त्यावर थाप मारून आवाज ऐकतो. फायब्रोस्कॅन थेट तेच करतो. एकोसेन्स या फ्रेंच कंपनीचं हे यंत्र. उजव्या बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवून ते त्वचेवर हलकी टिचकी मारतं. त्या टिचकीची लहर लिव्हरमधून किती वेगाने धावते ते अल्ट्रासाउंडने मोजलं जातं. मऊ लिव्हरमध्ये लहर रमतगमत जाते, ताठ लिव्हरमध्ये सुसाट. वेगावरून ताठपणा काढतात आणि तो किलोपास्कलमध्ये छापतात. त्याच वेळी अल्ट्रासाउंडच्या लहरीची ताकद वाटेत किती घटली त्यावरून चरबीचा आकडा, 'कॅप', मिळतो. म्हणजे दोन्ही प्रश्नांची उत्तरं एका बैठकीत. बायोप्सीत, म्हणजे सुईने लिव्हरचा तुकडा काढून तपासण्यात, येणाऱ्या तुकड्याच्या साधारण शंभरपट भाग यात मोजला जातो.

किमान तीन तास उपाशी राहणं इथे सोनोग्राफीपेक्षाही महत्त्वाचं आहे. जेवल्यावर लिव्हरकडे रक्ताचा ओघ वाढतो, लिव्हर तात्पुरती ताठ होते आणि आकडा खोटा चढतो. शिबिरांमध्ये वडे आणि चहा झाल्यावर लोकांना रांगेत उभं केलेलं मी पाहिलंय. त्या आकड्यावर कुणाला गोळ्या सुरू झाल्या असतील तर देव जाणे.

यंत्र प्रत्येक तालुक्यात नाही. आमच्याकडून लोक कोल्हापूर गाठतात, गोव्याला जातात किंवा मुंबईतल्या मुलाकडे जाऊन करून येतात. आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: यंत्र आज चालू आहे का, वेळ किती वाजताची, आणि अंगाने जाड माणसांसाठीचा 'एक्सएल प्रोब' आहे का. जाड पोटावर साध्या 'एम' प्रोबने मोजलं तर आकडा बरोबर येत नाही किंवा येतच नाही. गगनबावड्याचा घाट उपाशीपोटी चढताना मळमळतं हे मला ठाऊक आहे. म्हणून पहाटे पाचला पेज खाऊन निघा, साडेनऊ-दहाची वेळ घ्या. पाणी पिऊ शकता.

रिपोर्टमध्ये आधी आकडा बघू नका, तो विश्वासाचा आहे का ते बघा. दहा वैध मोजण्या झाल्या पाहिजेत. त्यांच्या मध्यकाशेजारी 'आयक्यूआर' ची टक्केवारी असते, ती ३० च्या आत हवी. तीसच्या पुढे असेल तर दहा टिचक्यांची दहा उत्तरं आली असा अर्थ, आणि तपासणी पुन्हा करून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मग ताठपणा: ८ किलोपास्कलच्या खाली असेल तर मोठे वण नसण्याची शक्यता खूप. ८ ते १२ हा संशयाचा पट्टा, इथे तज्ज्ञ पुढची तपासणी ठरवतात. १२ च्या वर वण बरेच पुढे गेलेले असू शकतात, वेळ घालवू नका. कॅप १०० ते ४०० च्या पट्टीवर असतो. २४८ च्या आसपास चरबीची सुरुवात, २६८ ला मध्यम, २८० च्या पुढे जास्त, अशा खुणा बऱ्याच ठिकाणी वापरतात. या खुणा एकमेकींना इतक्या खेटून आहेत की २६० चा २७५ झाला म्हणून घरी भांडण करण्यात अर्थ नाही.

आकडा खोटा चढवणाऱ्या आणखी गोष्टी: ताजी कावीळ, खूप वाढलेली एन्झाइम, पित्तनलिकेत अडथळा, हृदय कमजोर असून लिव्हरमध्ये रक्त तुंबणं, आणि अलीकडेच झालेलं भरपूर मद्यपान. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी ही तपासणी करू नये, एवढं सांगितलं की पुरे. पोटात पाणी असेल तर टिचकी लिव्हरपर्यंत पोचत नाही, तिथे हे यंत्र निकामी. गरोदरपणात आणि पेसमेकर असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

हल्ली नव्या सोनोग्राफी मशीनमध्येही ताठपणा मोजायची सोय येते, तिला शिअर वेव्ह इलॅस्टोग्राफी म्हणतात. चांगली आहे. फक्त एका कंपनीच्या मशीनचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून बघू नका.

सीटी

फक्त चरबी शोधायला सीटी करू नये, किरणांचा डोस त्यासाठी परवडण्यासारखा नाही. पण मुतखड्यासाठी औषध न टोचता केलेलं साधं सीटी तुमच्याकडे पडलेलं असेल तर त्यात लिव्हरही आलेली असते, फुकटची माहिती आहे ती. सीटीत प्रत्येक ठिपक्याला हाउन्सफिल्ड आकडा असतो. पाणी शून्य, चरबी उणे शंभरच्या आसपास, निरोगी लिव्हर ५० ते ६५. चरबी मिसळली की लिव्हरचा आकडा उतरतो. ४० च्या खाली गेला किंवा लिव्हर प्लीहेपेक्षा काळी दिसली की चरबी बऱ्यापैकी आहे. थोडी चरबी इथेही निसटते.

एमआरआय

चरबी मोजण्यात सर्वांत काटेकोर हेच. पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनच्या अणूंचे सिग्नल किंचित वेगळ्या तालात असतात. ते वेगळे काढून एकूणात चरबी किती टक्के, ते सांगता येतं. या मोजणीला 'पीडीएफएफ' म्हणतात. पाच टक्क्यांच्या पुढे म्हणजे फॅटी. लिव्हरच्या सगळ्या भागांचं माप एका श्वासात मिळतं, किरण नाहीत, इंजेक्शन नाही. मात्र हे टक्के आणि बायोप्सीचे टक्के एक नव्हेत. बायोप्सीत चरबी असलेल्या पेशी मोजतात, इथे सिग्नलमधला वाटा. त्यामुळे पीडीएफएफ २० टक्के हा आकडा दिसायला लहान असला तरी चरबी भरपूर असते.

सगळ्यांना याची गरज आहे का? मुळीच नाही. जाड शरीरामुळे फायब्रोस्कॅन जमला नाही, एखाद्या गाठीचा उलगडा करायचाय, किंवा औषधाने चरबी किती उतरली ते नेमकं बघायचंय, अशा वेळी करावं. नुसतं 'एमआरआय अॅब्डोमेन' सांगितलंत तर पीडीएफएफ मिळेलच असं नाही. केंद्राला नाव घेऊन विचारा. 'इन फेज, आउट ऑफ फेज' एवढंच असेल तर चरबी आहे हे कळतं, काटेकोर टक्के कळत नाहीत. एमआर इलॅस्टोग्राफी ताठपणा मोजते आणि फायब्रोस्कॅनपेक्षा अचूक मोजते, पण ती मोठ्या शहरातल्या मोजक्या ठिकाणीच. अंगात पेसमेकर, जुनी क्लिप, धातूचा तुकडा असेल तर चिठ्ठी घेतानाच सांगा, मशीनच्या दारात नको.

एवढ्या सगळ्यानंतरही आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर तज्ज्ञ बायोप्सी सुचवतात. ती क्वचित लागते, आणि लागली तर टाळू नये.

पुन्हा कधी बघायचं

दर महिन्याला सोनोग्राफी करून ग्रेड मोजत बसणारे लोक आहेत. पैसे वाया. लिव्हर तेवढ्या घाईने बदलत नाही आणि सोनोग्राफीला तेवढा बारीक फरक दिसतही नाही. त्याऐवजी घरातला वजनकाटा वापरा. वजन पाच टक्के उतरलं की लिव्हरमधली चरबी कमी व्हायला लागते. सात ते दहा टक्के उतरलं तर सूजही उतरते, दहाच्या पुढे वणही काही प्रमाणात मागे हटू शकतात. ऐंशी किलोच्या माणसाला हे चार ते आठ किलो. माझंच सांगतो. सहकाऱ्याने गंमत म्हणून माझ्या पोटावर प्रोब ठेवला आणि मूत्रपिंडाशेजारी लिव्हर चांदीसारखी चमकली, ग्रेड टू. तेव्हा मी ८४ किलोंचा होतो. रात्रीचा दुसऱ्यांदा घ्यायचा भात सोडला, संध्याकाळी किनाऱ्याने चालायला लागलो, आठ महिन्यांनी ७७ वर आलो आणि चमक गेली. सोलकढी आणि मासे सोडले नाहीत. हापूसच्या दोन महिन्यांत वजन दीड किलो वर गेलं होतं, तेही खरं.

वजन उतरवल्यावर सहा महिने ते वर्षाने पुन्हा तपासा, आणि शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर, तशाच उपाशीपोटी. फायब्रोस्कॅन ८ च्या आत आला असेल तर तो दरवर्षी करायची गरज बहुतेकांना नसते. ज्यांना सिऱ्हॉसिस झालाय असं ठरलंय त्यांचा नियम वेगळा. त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायचीच, कारण तिथे शोध गाठीचा असतो, चरबीचा नसतो. वाटतंय बरं म्हणून त्या फेरीला चुकलेले लोक पुढे फार उशिरा येतात.

फाइल करा, पण एक ध्यानात असू द्या. सोनोग्राफीची ती काळी-पांढरी चित्रं थर्मल कागदावर छापतात. आपल्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत ती फिकी होतात, प्लॅस्टिकला चिकटतात आणि ओढली की सोलवटतात. मिळाली त्याच दिवशी घरी उजेडात पूर्ण रिपोर्टचा फोटो काढा, सगळ्या पानांचा. फोटोखाली तारीख, त्या दिवशीचं वजन आणि कंबरेचं माप लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुठल्याही डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा मोबाइलमधली तीच ओळ आधी दाखवा.